‘चौकशी सुरू असल्याचे समजते’

नाशिकमध्ये कुणी ‘मी प्रेसमध्ये होतो’ असं म्हटलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे आधी नोटा येतात, वर्तमानपत्र नंतर. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे या शब्दावर पहिला हक्क त्यांचा. आमच्या सोसायटीत असे दोन ‘प्रेसवाले’ आहेत. एक काका, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. दुसरा मी, आधी तालुक्याचा बातमीदार आणि पुढे जिल्हा दैनिकात डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावणारा.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी, वीज टिकेल या भरवशावर, आम्ही सात-आठ जण माझ्या घरी एक जुना इंग्रजी थरारपट बघायला बसलो. सिडनी पोलॅक यांचा १९८१ चा ‘ॲबसेन्स ऑफ मॅलिस’. पॉल न्यूमन आणि सॅली फील्ड. सिनेमा संपला, चहा आला, आणि काकांनी कप हातात धरूनच विचारलं, “मला एक सांगा, त्या पेपरवाल्या बाईचं चुकलं काय? चौकशी तर चालूच होती ना त्याची?”

मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जन्मभर हेच काम करून मला याचं उत्तर एका वाक्यात देता येईना. टीव्हीखालच्या पट्टीवर रोज कुणाची ना कुणाची ‘चौकशी सुरू असल्याचे समजते’, त्यामुळे काकांचा प्रश्न त्या सिनेमापुरता राहत नाही. म्हणून हा खटाटोप. सिनेमाचा शेवटही सांगणार आहे. चाळीस वर्षांहून जुन्या गोष्टीचं रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये.

## सिनेमात घडतं काय

मायामी शहर. जोई डियाझ नावाचा कामगार पुढारी गायब झालाय. सरकारी तपास पथकाचा प्रमुख रोझेन महिनोन् महिने हातपाय मारतोय, धागा सापडत नाही. त्याच शहरात मायकेल गॅलघर नावाचा दारूचा घाऊक व्यापारी आहे. वडील गुन्हेगारी जगातले, नात्यातला एक जण अजून तिथला बडा माणूस, पण हा स्वतः सरळ धंदा करणारा. रोझेनचा हिशेब असा, की याच्याभोवती फास आवळला तर हा स्वतःला वाचवायला नात्यागोत्यांतून काहीतरी माहिती काढून आणेल.

मग तो काय करतो? मेगन कार्टर ही बातमीदार भेटायला येते, तेव्हा गॅलघरची फाइल टेबलावर ठेवून हा खोलीबाहेर जातो. ती वाचते. बातमी छापून येते: डियाझ प्रकरणात गॅलघरवर संशय, तपास सुरू.

गॅलघर वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन विचारतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? उत्तर मिळत नाही. युनियन त्याच्या गोदामातलं काम बंद पाडते. डियाझ गायब झाला त्या दिवशी तो शहरात नव्हताच, पण ते सिद्ध करू शकेल असं एकच माणूस आहे. तेरेसा, त्याची मैत्रीण, कॅथलिक शाळेत नोकरी करणारी. त्या दिवशी तो तिच्याबरोबर अटलांटाला होता, कारण तिला गर्भपात करून घ्यायचा होता. मित्राला वाचवायला ती हे मेगनला सांगते, छापू नका म्हणून विनवते. मेगन कारणासकट छापते.

यानंतरचं दृश्य मी तीनदा पाहिलंय आणि तीनही वेळा नजर बाजूला वळवली. पहाट. तेरेसा घराबाहेर येऊन स्वतःच्या अंगणातला पेपर उचलते, वाचते. मग शेजारच्या अंगणातला उचलते. मग त्याच्या पलीकडच्या घरातला. ओल्या गवतातून ती घरामागून घर चालत राहते आणि छातीशी पेपर गोळा करत जाते. शहरात त्या सकाळी किती हजार अंगणांत तो पेपर पडलाय हे तिलाही कळत असणार. त्याच दिवशी ती स्वतःचं आयुष्य संपवते.

## फाइल टेबलावर राहते कशी

अधिकृतपणे न सांगता बाहेर सोडलेल्या माहितीला आपण गळती म्हणू. नळाची गळती वायसर झिजल्यामुळे होते, कचेरीतली गळती बहुतेक वेळा कुणीतरी तोटी फिरवल्यामुळे. क्राइम बीट केलेल्या कुणालाही विचारा. साहेब कधीच म्हणत नाहीत की हे छाप. साहेब म्हणतात, “बसा, आलोच दोन मिनिटांत.” आणि कागद उघडा असतो. आपण टेबलापलीकडून उलटं दिसणारं अक्षर वाचायला शिकलेलो असतो, आणि आपल्याला वाटतं काय हुशारी केली!

आता यात वाईट काय? गळती झाली नसती तर कितीतरी घोटाळे बाहेरच आले नसते. ज्या वॉटरगेट प्रकरणातून १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं, तेही अशा आतल्या माणसाच्या मदतीनेच उलगडलं. तो माणूस एफबीआयमधला मोठा अधिकारी मार्क फेल्ट होता, हे जगाला २००५ मध्ये कळलं. म्हणजे गळती ही मुळातच पाप आहे असं काही नाही. प्रश्न असा असतो की तोटी फिरवणाऱ्याला पाणी कुणाच्या घरात घुसवायचंय. फेल्टची गळती सत्तेच्या दिशेने गेली. रोझेनची गळती सत्तेकडून एका एकट्या माणसाच्या दिशेने आली. कागद दोन्हीकडे खरेच होते.

मेगनने हाच प्रश्न विचारला नाही, की हा माणूस मला हे का दाखवतोय? विचारला असता तर बातमी उलटी झाली असती: तपास पथक पुराव्याशिवाय एका व्यापाऱ्याला पिळायला बघतंय. ती खरी मोठी बातमी होती आणि ती तिच्या समोर टेबलावर पडलेली होती.

आपल्याकडे पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं, किती सांगावं, याची पक्की नियमपुस्तिका तयार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय गृह मंत्रालयाला सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं. अर्धवट माहितीतून माणूस कोर्टाआधी गल्लीतच दोषी ठरतो, ही चिंता त्यामागे होती.

## ‘चौकशी’ आणि ‘समजते’

मराठीत तर हे काम आणखी सोपं आहे, कारण ‘चौकशी’ हा शब्द भलताच लवचीक आहे. आजारी माणसाच्या तब्येतीची चौकशी करतात, स्थळाची चौकशी करतात, एसटीच्या वेळापत्रकासाठी स्टँडवर खिडकी असते तीही चौकशीचीच. आणि आयकर खात्याची असते तीही चौकशीच. साक्षीदाराला दहा मिनिटं बोलावून सही ओळखायला लावली तरी ‘चौकशी झाली’ हे वाक्य बरोबर. वाचणाऱ्याच्या मनात मात्र बेड्या येतात.

त्याच्या जोडीला ‘समजते’. या क्रियापदाची खुबी बघा. ‘रामाला समजते’ असं म्हटलं तर कुणाला ते कळतं. बातमीत नुसतंच ‘समजते’ येतं. कुणाला समजते? कुणाकडून? किती वाजता? वाक्य व्याकरणात पूर्ण आहे आणि त्यात माणूस एकही नाही. डेस्कवर मी हे क्रियापद हजारदा पास केलंय, त्यामुळे सांगतोय. बातमीदाराला खात्री नसली की कॉपीत ‘समजते’ येतं, आणि अजिबात खात्री नसली की ‘चर्चा आहे’.

खरं तर मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. तक्रारअर्ज येणं, गुन्हा दाखल होणं, तपास, अटक, दोषारोपपत्र, खटला आणि शेवटी निकाल. संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन वेगळे शब्द आहेत, तिघांमध्ये काही वेळा दहा-दहा वर्षांचं अंतर असतं. मथळ्यात जागा तेवढी नसते, ही अडचण खरी. पण जागा वाचवायला नेहमी ‘संशयित’च का उडवला जातो, ‘खळबळ’ का नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

## दुष्ट हेतू म्हणजे नेमकं काय

सिनेमाचं नाव, म्हणजे ‘दुष्ट हेतूचा अभाव’, कायद्याच्या एका संकल्पनेवरून आलंय. ती समजली की अर्धा गुंता सुटतो.

१९६० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीसाठी मदत मागणारी एक पूर्ण पानाची जाहिरात आली. तिच्यात बारीकसारीक चुका होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाली असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात चार वेळा झाली होती. निदर्शक विद्यार्थ्यांनी कुठलं गाणं म्हटलं तेही चुकलं होतं. अलाबामातल्या माँटगोमेरी शहराच्या पोलिस खात्याचे प्रभारी सलिव्हन यांचं त्यात नावसुद्धा नव्हतं, तरी त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तिथल्या ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर भरपाई मंजूर केली.

मार्च १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. न्यायालय म्हणालं, सरकारी पदावरच्या माणसाला त्याच्या कामाबद्दल अशी भरपाई हवी असेल, तर नुसती चूक दाखवून भागणार नाही. छापणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक होतं, किंवा खरं-खोटं काहीही असो अशा बेफिकिरीने त्याने ते छापलं, हे सिद्ध करावं लागेल. याला तिथे ‘ॲक्च्युअल मॅलिस’ म्हणतात. मराठीत दुष्ट हेतू म्हणू या, पण त्यात राग-द्वेषाचा संबंध नाही, हे लक्षात ठेवून.

चुकीला एवढी माफी कशाला? ग्रामसभेत कुणी उठून विचारतो, पाण्याच्या टाकीवर तीन लाख खर्च दाखवलाय, टाकी कुठाय? आकडा निघतो दोन लाख ऐंशी हजार. या वीस हजारांच्या फरकासाठी विचारणाऱ्याला कोर्टात खेचलं, तर पुढच्या ग्रामसभेत तोंड कोण उघडेल? टाकी तर तेव्हाही नसेलच. बोलणाऱ्याला श्वास घ्यायला थोडी जागा लागते, एवढाच त्या निकालाचा मथितार्थ.

सिनेमात वर्तमानपत्राचा वकील हाच निकाल हाताशी धरून मेगनला समजावतो. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. बातमी खरी आहे का, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने गैरलागू. ती खोटी आहे हे आपल्याला माहीत नाही, म्हणजे दुष्ट हेतू नाही. गॅलघरला फोन करा. तो बोलला तर त्याचा नकार छापू, निष्पक्ष दिसू. नाही बोलला तर चुका त्यानेच दुरुस्त केल्या नाहीत. फोन लागलाच नाही तर आपण प्रयत्न तरी केला. तीनही वाटा छापखान्याकडेच जातात. हा संवाद लिहिणारे कर्ट ल्यूटके स्वतः ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’चे संपादक होते, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. असं फक्त आतलाच माणूस लिहू शकतो.

एक बारीक तपशील मात्र वकील महाशय सोयीने हलका करतात. १९७४ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की खासगी माणसाच्या बाबतीत एवढी ढाल मिळणार नाही, तिथे निष्काळजीपणा दाखवला तरी पुरे. गॅलघर मंत्री नाही, नगरसेवक नाही. दारूचे खोके विकणारा माणूस आहे.

## आपल्याकडे कायदा काय म्हणतो

आपल्या संविधानात ‘वृत्तपत्र स्वातंत्र्य’ असे शब्द कुठेच नाहीत. कलम १९ मध्ये आहे ते प्रत्येक नागरिकाचं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, आणि वर्तमानपत्र त्याच्याच आधारावर उभं. संपादकाला वेगळा हक्क द्यायची गरज नाही, तो नागरिक म्हणूनच लिहितो, ही डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मांडलेली भूमिका. याची दुसरी बाजू अशी की जो कायदा संपादकाला, तोच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आत्ताच कळलं’ म्हणून मजकूर ढकलणाऱ्यालाही.

अब्रुनुकसानी आपल्याकडे दोन प्रकारची. दिवाणी, म्हणजे भरपाई मागायची. आणि फौजदारी, म्हणजे गुन्हा. फौजदारी तरतूद आधी भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० कलमांत होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचाही पर्याय. ही तरतूद घटनाबाह्य ठरवा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये फेटाळली.

यात एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. दिवाणी दाव्यात ‘छापलं ते खरं होतं’ हा पूर्ण बचाव. फौजदारीत तेवढ्याने भागत नाही. ते खरं होतं आणि ते लोकांसमोर आणणं सार्वजनिक हिताचं होतं, दोन्ही दाखवावं लागतं. तेरेसाचा गर्भपात खरा होता. त्यात लोकांचं हित कुठलं?

आपला सलिव्हन म्हणता येईल असा निकाल १९९४ चा. तामिळनाडूतल्या ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र ‘नक्कीरन’ साप्ताहिकाला छापायचं होतं. त्यात अधिकाऱ्यांशी असलेल्या साट्यालोट्याचा मजकूर होता, साहजिकच ते छापू नये म्हणून दबाव आला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधीच रोखता येणार नाही. आणि अधिकाऱ्याच्या कामाविषयीचा मजकूर पुढे चुकीचा निघाला, तरी सत्याची पर्वा न करता तो छापला हे सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. छापणाऱ्याने वाजवी पडताळणी केली होती एवढं दाखवलं तरी चालेल.

म्हणजे दोन्ही देशांतले न्यायाधीश फिरून एकाच जागी येतात: छापायच्या आधी तू तपासलंस का?

## ट्रॉलीचा वरचा थर

आता काकांच्या प्रश्नाकडे. चौकशी चालू होती हे बरोबर. मग चुकलं काय?

लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिलाय? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या, व्यापारी आणि पुकारा करणारे ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकतात, वरचा माल बघून मिनिटाभरात भाव ठरतो. मग ट्रॉली खळ्यावर जाऊन खाली होते, आणि तळाचा माल वेगळा निघाला की भांडण सुरू. (या भांडणात दर वेळी शेतकऱ्याचीच चूक असते असं मुळीच नाही, पण तो विषय निराळा.) वरच्या थराचं वर्णन कुणी अगदी अचूक केलं, तरी तो ट्रॉलीचा भाव नव्हे. ‘गॅलघरची चौकशी सुरू आहे’ हा वरचा थर. तो मुद्दाम तसा रचून ठेवलेला आहे, हा तळ. मेगनने वरचा थर न चुकता मोजला.

दुसरं उदाहरण दर पावसाळ्यात फोनवर येतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तासाभरात, ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यापर्यंत पाणी आल्याचा फोटो फिरायला लागतो. फोटो अस्सल असतो, मारुती आपलाच, पाणी गोदावरीचंच. फक्त तो २०१९ च्या पुरातला असतो. आजचं पाणी गुडघ्याला असतं. पाठवणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, “फोटो खोटाय का?”

सिनेमाच्या शेवटी मेगन स्वतःच बातमीचा विषय होते. सहकारी बातमीदार तिला विचारते की गॅलघरशी तुझे संबंध होते असं लिहू का, खरं आहे ना ते? मेगन म्हणते, नाही, पण अचूक आहे. काकांना मी हे दृश्य पुन्हा लावून दाखवलं. ते म्हणाले, “आमच्याकडे असं चालत नव्हतं. नोट एकतर पास, नाहीतर बाद.” मी म्हटलं, काका, तुमच्याकडे नोट बोलत नाही.

## उलटंही घडतं: १०१ दिवस

खरी काळजी आणि खोटा कागद अशी जोडीही जमते, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच घरातलं आहे. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. वर्षभरातच दोघांनी कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजीराजांचा, छळ होतोय म्हणून आवाज उठवला आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. आधार होता बर्व्यांच्या म्हणून मिळालेल्या पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघं ऑक्टोबरात सुटले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं.

शाळेत हा प्रसंग आपल्याला देशभक्तीच्या धड्यासारखा शिकवला. दोघांचं धैर्य खरंच, पण बातमीदार म्हणून बघितलं तर तो पडताळणीचाही धडा आहे. त्यांची काळजी पोकळ नव्हती: पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, ते महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना वारले. पण कोर्टात काळजी टिकत नाही, कागद टिकावा लागतो. ज्याला प्रकरण दडपायचंय त्याला एक बनावट पत्र पुरतं. लोक मग पत्राबद्दल बोलतात, राजाबद्दल कुणी बोलत नाही.

## ‘एवढं तपासत बसलं तर बातमी दुसराच देईल’

हा आक्षेप आमच्या धंद्यातला नंबर एक. उत्तर सिनेमाच देतो, आणि इथेच तो खरा थरारपट होतो.

तेरेसा गेल्यावर गॅलघर कोर्टात जात नाही. तो जिल्हा सरकारी वकील क्विन यांना गाठतो. माहिती मिळवून देतो, तुम्ही माझं नाव निर्दोष म्हणून जाहीर करा, असं ठरतं. क्विन जाहीर करतात. त्याच सुमारास गॅलघर क्विन यांच्या पाठीराख्या समितीला निनावी देणग्या पाठवतो. रोझेनला भेटी दिसतात, पैसा दिसतो, तो लाचखोरीचा निष्कर्ष काढतो, फोन ऐकतो, फोटो काढतो. हे मेगनपर्यंत पोचतं आणि पुन्हा छापून येतं: क्विन यांची चौकशी. पुन्हा अचूक. पुन्हा गॅलघरने एकही बेकायदा गोष्ट केलेली नाही. त्याने फक्त ट्रॉलीचा वरचा थर रचला. शेवटी वॉशिंग्टनहून एक म्हातारा वरिष्ठ अधिकारी येतो, सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि तासाभरात दोन मोठ्या माणसांच्या खुर्च्या जातात.

पहिल्यांदा जी घाई रोझेनच्या कामी आली, तीच दुसऱ्यांदा गॅलघरच्या कामी आली. तुमची सवय ओळखणारा कुणीही तुम्हाला चालवू शकतो. आणि पहिली बातमी कुणाची होती हे वाचकाला आठवड्यानंतर आठवत नाही. आठवणारे आम्हीच, चहाच्या टपरीवर.

## ‘जबाबदारी’च्या नावाखाली तोंड बंद करायचं का?

ही भीती रास्त आहे. आणीबाणीत सेन्सॉरशिप आली तीही ‘जबाबदार’ वृत्तपत्रांच्या भाषेतच. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. त्यामुळे सरकार जबाबदारी शिकवायला लागलं की वाचकाने सावध व्हावं.

पण सिनेमा नीट बघितला तर त्यात पेपरला वापरून घेणारा माणूस सरकारी आहे. मेगनने जास्त शंका घेतली असती तर त्यातून सरकारचीच अडचण झाली असती. तपासणं आणि घाबरणं यांत गल्लत होते ती इथे. वॉटरगेटच्या वेळी ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बातमीदारांनीही एक तपशील चुकवला होता: निक्सन यांचे सर्वांत जवळचे अधिकारी हाल्डमन यांचं नाव एका साक्षीदाराने ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या ज्यूरीपुढे, घेतलं असं छापलं, प्रत्यक्षात त्याला तिथे तो प्रश्नच विचारला गेला नव्हता. मूळ आरोप बरोबर होता, एवढा संदर्भ चुकला, आणि व्हाइट हाउसला झोडपायला तेवढं पुरलं. सत्तेशी भिडायचं असेल तर पडताळणी जास्त लागते, कमी नाही.

## ‘सूत्रांचं नाव सांगितलं की झालं ना?’

काकांचा पुढचा प्रश्न. नाही झालं. नाव फुटेल या भीतीने कारखान्यातला कामगार, कचेरीतला कारकून बोलणारच नाही. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात कौन्सिलपुढे सूत्र उघड करण्याची सक्ती नाही, पण कोर्टापुढे पत्रकाराला असं संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. फोनमधून हेरगिरी केल्याच्या पेगॅसस प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचं संरक्षण हे वृत्तपत्र स्वातंत्र्यासाठी महत्त्वाचं असल्याचं म्हटलं, तेवढा आधार.

नाव न सांगताही वाचकाला पुष्कळ सांगता येतं. ‘सूत्रांनुसार’ऐवजी ‘तपास पथकातल्या, या प्रकरणाचा निकाल लागण्यात ज्याचं हित आहे अशा अधिकाऱ्याने सांगितलं’ असं लिहिलं तर गॅलघरची बातमी कशी वाचली गेली असती, बघा.

## ‘चुकलं तर खुलासा छापतात की’

प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, दंड करू शकत नाही, आणि टीव्ही तिच्या कक्षेतच नाही. मग उरतो खुलासा. त्याबद्दल माझ्या पदरचं सांगतो.

नव्वदच्या दशकात मी तालुक्याला होतो. एका पतसंस्थेत अपहार झाला होता. एका सकाळी ठाण्यात हवालदारांनी “बसा” म्हटलं आणि रजिस्टर उघडं ठेवून आत गेले. चार नावं होती. मी चारही उतरवली आणि बसने कॉपी पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर तीन कॉलम: अपहारप्रकरणी चौघांची चौकशी. तिसरं नाव एका पिठाच्या गिरणीवाल्याचं होतं. त्याला एका कर्जदाराची सही ओळखायला बोलावलं होतं, दहा मिनिटांसाठी. मी त्याला विचारायला गेलो नव्हतो. गिरणी ठाण्यापासून चालत सात मिनिटांवर होती.

खुलासा आला पाच दिवसांनी. आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, चार ओळी.

त्यानंतर महिन्याभराने तो माझ्याकडे आला. कपड्यांवर, भुवयांवर पीठ तसंच. भांडला नाही. म्हणाला, गिरणीवर डबे कमी येतायत, बायका पलीकडच्या गल्लीत जातात. मग खिशातून दोन कात्रणं काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तीन कॉलमवालं हाताच्या पंजाएवढं. दुसरं बसच्या तिकिटाएवढं.

“साहेब,” तो म्हणाला, “यातलं कुठलं फ्रेम करून गिरणीत लावू?”

चहा मागवला होता, तो न पिताच गेला. कात्रणं टेबलावरच राहिली.